सोळा फूट नऊ इंच

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी दोनशे डॉलरला एक शिडाची बोट विकत घेतली. ट्रेलरसकट.

आईला फोनवर सांगितलं तर ती क्षणभर काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तुला पोहता तरी येतं का रे नीट?" बाबांचा प्रश्न जास्त व्यवहारी होता. "दोनशे डॉलरला बोट? मग तिच्यात काहीतरी खोट असणार."

खोट तशी काही नव्हती. रंग उडालेला होता, दोऱ्या कुजल्या होत्या, लाकडी बाकं काळी पडली होती. पण धड शाबूत होतं. साठीच्या आसपासची बोट आणि तळाला एक तडा नाही. ती इतकी स्वस्त का होती, याचं कारण वेगळंच होतं आणि ते नीट कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. हा लेख त्या कारणाबद्दल आहे. पण तिथपर्यंत पोहोचायला आधी एका अवलिया इंग्रज माणसाला भेटावं लागेल, मग एका ऑलिंपिक विजेत्याला, आणि मध्ये थोडं फिजिक्स. घाबरू नका, बारावीचंच आहे.

आधी माझ्याबद्दल. मी सांगलीचा. आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णा. पावसाळ्यात नदीत होड्यांच्या शर्यती लागतात, त्या काठावर उभं राहून बघायच्या, एवढाच माझा बोटींशी संबंध. आणि २००५ चा पूर. मी तिसरीत होतो. शेजारच्या गल्लीत होडी आली आणि तिच्यात बसून आजी दत्ताच्या फोटोसह बाहेर पडली, हे चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो गणपतीपुळ्याला, शाळेच्या सहलीत. पुढे इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, मग एमएससाठी अमेरिका आणि शेवटी मॅसॅच्युसेट्समध्ये एका कंपनीत बॅकएंडचं काम. इथे आमच्या रस्त्याच्या टोकाला एका घराच्या अंगणात ताडपत्रीखाली एक बोट होती. रोज चालायला जाताना दिसायची. एके दिवशी तिच्यावर पुठ्ठा लटकवलेला दिसला: विकणे आहे.

मालक एक निवृत्त शिक्षक. त्यांची दोन्ही मुलं याच बोटीत शिडं हाकायला शिकली, आता दोघंही दूर कुठेतरी. मी किंमत विचारली तर ते म्हणाले, "दोनशे. आणि एक अट. पाण्यात घालणार असशील तरच ने. नुसती अंगणात ठेवायची असेल तर माझं अंगण काय वाईट आहे?"

मी हो म्हणालो. बोटीचं नाव डे सेलर. लांबी सोळा फूट नऊ इंच, रुंदी सव्वासहा फूट, नुसत्या बोटीचं वजन ५७५ पौंड, म्हणजे साधारण २६० किलो. आपल्या बुलेटपेक्षा थोडं जास्त. दोन शिडं: मोठं शंभर चौरस फुटांचं, पुढचं छोटं पंचेचाळीसचं. डे सेलर म्हणजे नावाप्रमाणेच दिवसाची बोट. सकाळी जायचं, संध्याकाळी परत यायचं. आत झोपायची सोय नाही, स्वयंपाकघर नाही, इंजिन नाही.

वजन फक्त रोड रोलरला कामाचं

डे सेलरचा आकार ज्याच्या हातातून उतरला, तो माणूस म्हणजे उफा फॉक्स. जन्म १८९८, इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आइल ऑफ वाइट बेटावर, काउझ गावाच्या पूर्व भागात. काउझ म्हणजे इंग्लंडच्या शिडाच्या शर्यतींची पंढरी. उफाने उमेदवारी केली ती एस. ई. सॉन्डर्स यांच्या कारखान्यात. तिथे शिडाच्या बोटींबरोबर वेगवान मोटरबोटी बनत आणि पाण्यावर उतरणारी विमानंही. माझ्या मते त्याच्या सगळ्या कामाची किल्ली इथे आहे. शिडाच्या बोटी बनवणाऱ्या बाकीच्या लोकांनी शिडाच्या बोटीच पाहिल्या होत्या. या पोराने पाण्यावरून उचलल्या जाणाऱ्या वस्तू पाहिल्या होत्या.

आता ते फिजिक्स.

कुठलीही बोट पाणी बाजूला सारत पुढे जाते तेव्हा तिच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक लाट तयार होते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते. एका क्षणी लाटेची लांबी बोटीच्या लांबीइतकी होते. आता बोट स्वतःच बनवलेल्या दोन उंचवट्यांच्या मधल्या खड्ड्यात बसलेली असते. अजून वेग हवा तर पुढचा उंचवटा चढावा लागेल, आणि त्याला लागणारी ताकद एकदम प्रचंड वाढते. म्हणून प्रत्येक बोटीला एक व्यावहारिक कमाल वेग असतो. त्याचा ठोकताळा असा: पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. माझ्या बोटीची पाण्यावरची लांबी सोळा फूट. वर्गमूळ चार. उत्तर ५.४ नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. सायकलवाला आरामात पुढे जाईल.

या भिंतीतून सुटायचे मार्ग दोन. एक, बोट लांब करा. श्रीमंतांनी शतकानुशतकं तेच केलं. दुसरा, लाट चढून तिच्यावर स्वार व्हा. बोट पुरेशी हलकी असेल आणि तळाचा आकार योग्य असेल, तर वेगात पाणीच तिला खालून वर ढकलतं आणि ती पाणी कापायचं सोडून त्यावरून घसरत सुटते. पाण्यावर सपाट चिप्पी फेकल्यावर ती टप्पे घेत जाते ना, त्याचंच मोठं भावंड. याला प्लेनिंग म्हणतात. मोटरबोटींना हे जमत होतं, कारण इंजिनाची ताकद होती. वाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या बोटीने हे ठरवून, पुन्हा पुन्हा करावं, अशी रचना फॉक्सने करून दाखवली.

१९२८ साली त्याने चौदा फुटी ॲव्हेंजर बनवली. पुढच्या बाजूला तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा, लाट कापायला. मागे जाता जाता तोच तळ सपाट होत गेलेला, पाण्याने वर उचलावं म्हणून. शिवाय बोट उलटू नये म्हणून तळाला शिसं नाही. त्याऐवजी माणसांनी काठावर बसून शरीर बाहेर झोकायचं, तेच वजन. वजन फक्त रोड रोलरला कामाचं, असं तो म्हणे. त्या मोसमात ॲव्हेंजर ५७ शर्यतींत उतरली. ५२ वेळा पहिली, दोनदा दुसरी, तीनदा तिसरी. मध्येच तो दोन साथीदारांना घेऊन याच उघड्या बोटीतून इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधल्या ल आव्रला गेला, शर्यत खेळला आणि तसाच परत आला.

माणूस म्हणून तो विक्षिप्तच. काही काळ त्याचं घर आणि वर्कशॉप म्हणजे एक जुनी भंगारात निघालेली फेरीबोट होती. पुढे राजपुत्र फिलिप त्याचा दोस्त झाला. १९४९ साली काउझच्या लोकांनी राजपुत्राला फॉक्सच्याच आराखड्याची बोट भेट दिली होती. पण मला त्याचं सगळ्यात आवडणारं काम युद्धातलं आहे. समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी त्याने विमानाच्या पोटाला लटकवता येईल अशी लाइफबोट बनवली. वरून पॅराशूटने सोडायची. आत इंजिन, शिडं, खाणंपिणं, कोरडे कपडे. मे १९४३ मध्ये उत्तर समुद्रात पडलेल्या एका हॅलिफॅक्स बॉम्बरच्या माणसांना तिने पहिल्यांदा वाचवलं. हे वाचताना मला आमच्या शेजारच्या गल्लीत आलेली होडी आठवली. आभाळातून होडी उतरताना पाहणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, याचा थोडासा अंदाज सांगलीकराला येऊ शकतो.

एकच आकार, तीन पदार्थ

ॲव्हेंजर लाकडी फळ्यांची होती. अशी बोट म्हणजे कारागिराचे कित्येक आठवडे. प्रत्येक फळी वेगळी, प्रत्येक सांधा वेगळा. त्यामुळे किंमतही तशीच.

युद्ध संपलं आणि विमानांच्या कारखान्यांना काम उरलं नाही. विमान बनवणाऱ्या फेअरी कंपनीने बोटींकडे मोर्चा वळवला. युद्धात विमानांसाठी एक तंत्र हाताशी आलं होतं: लाकडाचे पातळ पापुद्रे साच्यावर एकावर एक चिकटवायचे आणि मोठ्या भट्टीत दाब व उष्णता देऊन एकजीव करायचे. या तंत्राने १९४६ मध्ये फॉक्सच्या आराखड्याची बारा फुटी फायरफ्लाय बाहेर पडू लागली. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या शर्यतीसाठी हीच बोट निवडली गेली आणि पॉल एल्वस्ट्रम नावाच्या डेन्मार्कच्या वीस वर्षांच्या पोराने सुवर्णपदक जिंकलं. पुढच्या तीन ऑलिंपिकमध्येही त्यानेच. सगळ्यांना सारखी बोट द्या, मग बघू कोण चांगला, ही कल्पना साच्यामुळे शक्य झाली.

तिसरा पदार्थ अमेरिकेतून आला. १९३२ साली ओहायो राज्यातल्या काच कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेचे ठोकळे जोडायचा प्रयत्न करत होता. दाबाची हवा वितळलेल्या काचेवर बसली आणि काचेचे बारीक तंतू उडाले. अपघातच. पण काचेचा धागा स्वस्तात बनवायची वाट त्यातून सापडली. त्याच दशकात पॉलिएस्टर रेझिन आलं. घट्ट पाकासारखं असतं. त्यात थोडं रसायन घातलं की तासाभरात दगड होतं. नुसता धागा वाकतो, नुसतं रेझिन तडकतं. दोन्ही एकत्र केले की दोघांचे दोष झाकले जातात. आपल्याकडे मातीत भुसा कालवून भिंत लिंपतात, तेच तत्त्व. १९४२ च्या सुमारास ओहायोच्या टोलेडो गावात रे ग्रीनने या मिश्रणाची बोट बनवली आणि १९४८ पासून त्याची सोळा फुटी रेबेल फायबरग्लासमध्ये नियमित बनू लागली.

पद्धत ऐकायला अगदी सोपी आहे. आधी बोटीच्या आकाराचा एक नमुना करायचा, त्यावरून उलटा साचा. साच्याला आतून मेण चोळायचं, म्हणजे बोट चिकटणार नाही. मग रंगीत जेलकोटचा थर, मग काचेच्या कापडाचे थर आणि प्रत्येक थर रेझिनने भिजवायचा. वाळलं की साच्यातून बोट काढायची. सगळी अक्कल, सगळी मेहनत त्या पहिल्या आकारात. सॉफ्टवेअरवाल्याला हे लगेच पटतं: एकदा नीट लिहा, मग कितीही कॉपी काढा. फरक एवढाच की साच्यात चूक राहिली तर ती प्रत्येक कॉपीत राहते आणि अपडेट पाठवता येत नाही.

छप्पर हवं की नको

आता दुसरा माणूस. जॉर्ज ओ'डे. मॅसॅच्युसेट्सचाच, हार्वर्डमध्ये शिकलेला, छोट्या बोटींच्या शर्यतींतला पट्टीचा खेळाडू. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये शिडाच्या शर्यती नेपल्सला झाल्या, तिथे साडेपाच मीटर गटात त्याच्या बोटीने सुवर्णपदक जिंकलं. पण त्याच्याकडे खेळाडूंमध्ये सहसा न आढळणारी गोष्ट होती: न जिंकणाऱ्या माणसाबद्दल आस्था.

पन्नासच्या दशकातली अमेरिका डोळ्यांसमोर आणा. नवी उपनगरं, नव्या गाड्या, शनिवार-रविवार सुट्टी. बापाला पोरांना पाण्यावर न्यायचं आहे, पण त्याच्याकडे ना बंदर आहे, ना नोकर, ना वडिलोपार्जित पैसा. त्याच्याकडे एक गाडी आहे आणि गाडीला मागे हुक लावता येतो. अशा घराला कुठली बोट लागेल? गाडीमागे ओढता येईल अशी. चार माणसं बसतील अशी. दर वर्षी रंगवावी लागणार नाही अशी. आणि तरी मजा येईल अशी.

ओ'डेने फॉक्सला हाताशी धरलं आणि १९५८ च्या सुमारास डे सेलर बाजारात आली. हलचा, म्हणजे बोटीच्या धडाचा आकार फॉक्सचा. पुढे व्ही, मागे सपाट, ॲव्हेंजरची थेट नात. पण पुढच्या भागावर ओ'डेने एक छोटं छप्पर बसवलं. उभं राहता येत नाही, आडवं व्हायचं तर पाय बाहेर येतात. पण डबे, जॅकेट, ओला टॉवेल, झोप आलेलं पोर, हे सगळं तिथे मावतं. फॉक्सच्या परंपरेतल्या शर्यतीच्या बोटीला असलं ओझं शोभत नाही. फॉक्सचा जीव वेगात, ओ'डेचा जीव घरच्या माणसांत, आणि त्या सोळा फुटांत दोघांनाही जागा करावी लागली.

मी पहिल्यांदा आराखडा पाहिला तेव्हा फॉक्सच्या बाजूने होतो. इंजिनिअरला तसंच वाटतं. छप्पर म्हणजे वजन, वजन म्हणजे पाप. वर्षभर बोट चालवल्यावर मत बदललं. शर्यतीच्या शुद्ध बोटी दर पाच-दहा वर्षांनी जुन्या होतात, कारण कोणीतरी त्याहून वेगवान बोट काढतो. घरच्यांना सामावून घेणारी बोट तशी हरत नाही. ती कुणाच्या तरी बालपणाचा भाग होते. दहा हजारांहून जास्त डे सेलर बनल्या त्या केवळ वेगामुळे नाही. छपरामुळेही.

पात्यासाठी तीन दिवस

माझ्या बोटीचं काम मी जूनभर करत होतो. जेलकोट खडूसारखा भुरभुरीत झाला होता. पॉलिश पेपर, मग पॉलिश, मग मेण. लाकडी बाकं घासली तर काळ्या थराखालून लालसर महोगनी निघाली. यूट्यूबवरून दोन दोऱ्या सांधायला शिकलो. हाताला वॉर्निशचा वास आठवडाभर, आणि स्टँडअप कॉलमध्ये मॅनेजरचा प्रश्न, नखं निळी कशाने झाली?

सगळ्यात छळलं ते मधल्या पात्याने. शिडाच्या बोटीला वारा बाजूने ढकलत असतो. तिने आडवं न सरकता पुढे जावं म्हणून मधोमध एक पातं पाण्यात सोडतात. डे सेलरचं पातं वर घेतलं की बोटीला जेमतेम सात इंच पाणी पुरतं, थेट वाळूवर नेता येते. खाली सोडलं की पावणेचार फूट खोल जातं. कित्येक वर्षं न हललेलं माझं पातं आपल्या खोबणीत चिखल, गंज आणि कसल्या तरी किड्यांच्या घरट्यांसह रुतून बसलं होतं. ट्रेलरखाली झोपून तीन दिवस खरवडल्यावर ते एका संध्याकाळी खाडकन खाली आलं. मी तिथेच पडून हसत राहिलो.

जुलैत तळ्यात उतरलो आणि पहिल्याच आठवड्यात उलटलो. चूक पूर्ण माझी. वाऱ्याचा झोत आला तेव्हा मोठ्या शिडाची दोरी सोडायची असते, मी ती घट्ट धरून ठेवली. फॉक्सने तळाला शिसं का लावलं नाही, हे तेव्हा अंगाने कळलं: तिथे मी शिसं असायला हवा होतो. पण त्याच पात्यावर उभं राहून दोन्ही हातांनी काठ ओढला, तर बोट हळूच उठली, पाणी झटकत. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

सप्टेंबरमध्ये रूममेटला घेऊन बझर्ड्स बेमध्ये गेलो. दुपारनंतर तिथे नैर्ऋत्येचा वारा चढतो. रूममेट नागपूरचा, त्याचा पाण्याशी संबंध माझ्याहून कमी. परतीच्या वाटेवर वारा मागून तिरका आला, दोघं काठावर मागे सरकून बसलो, आणि एकदम आवाज बदलला. इतका वेळ पाणी तळाशी चुळबुळ करत होतं, आता एक सलग सळसळ सुरू झाली. नाळ उचलली गेली. सुकाणू हातात हलकं झालं.

"अबे, इंजिन लावलं का?" रूममेट ओरडला.

फोनवरचं जीपीएस आठ नॉट दाखवत होतं. सूत्र म्हणत होतं ५.४. आम्ही आमची स्वतःची लाट ओलांडून पुढे गेलो होतो. जेमतेम अर्धा मिनिट टिकलं असेल. १९२८ साली काउझमध्ये एका माणसाला जे दिसलं होतं, ते साच्यातून साच्यात, पदार्थातून पदार्थात उतरत माझ्या बुडाखाली येऊन पोहोचलं होतं.

न कुजणाऱ्या गोष्टीचं काय करायचं

आता किंमतीची गोष्ट.

ओ'डेची कंपनी फॉल रिव्हर गावात होती. एकेकाळचं कापड गिरण्यांचं गाव, आपल्या इचलकरंजीच्या नातलगासारखं. १९६६ मध्ये तिला बँगोर पुन्टा नावाच्या मोठ्या उद्योगसमूहाने विकत घेतलं. सत्तरच्या दशकात डे सेलरची दुसरी आवृत्ती निघाली, मोठ्या केबिनवाल्या बोटीही निघाल्या. फॉक्स १९७२ मध्ये गेला, ओ'डे १९८७ मध्ये, आणि १९८९ मध्ये कंपनी बंद पडली.

कंपनी गेली तरी बोट राहिली. मालकांची संघटना होती, तिने मापं आणि नियम जपले, वार्षिक स्पर्धा चालू ठेवल्या. पुढे साच्याचं काम दुसऱ्या बांधणाऱ्यांकडे गेलं, आणि बझर्ड्स बेच्याच काठावरच्या वेअरहॅममधल्या एका जुन्या कारखान्याने ही बोट पुन्हा बनवायला घेतली. म्हणजे नवी डे सेलर मिळते आणि जुनीला सुटा भागही मिळतो. मालक निघून गेल्यावरही कोड सांभाळणारे चार लोक असले की प्रोजेक्ट जगतं, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं. एरवी इतिहास डिझायनरांची नावं लिहितो. माझ्या मते डे सेलरच्या इतिहासात ज्यांनी चाळीस वर्षं पत्रकं काढली आणि मापं तपासली, त्या बिननावाच्या लोकांना फॉक्सइतकीच जागा मिळायला हवी.

पण सगळ्याच बोटींना अशी माणसं मिळत नाहीत. लाकडी बोट म्हातारी झाली की कुजते, तिचं सरपण होतं, माती होते. फायबरग्लास कुजत नाही. ज्या गुणासाठी तो आणला, तोच आता अडचण झाला आहे. साठ-सत्तरच्या दशकांत जन्मलेल्या हजारो बोटी आज अंगणांत, खाड्यांत, गोदामांमागे पडून आहेत. वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत, कारण एकदा घट्ट झालेलं रेझिन परत पातळ होत नाही. जाळलं तरी काच उरते. तोडून कचराभूमीवर न्यायची तर पैसे मोजावे लागतात. म्हणून माझी बोट दोनशे डॉलरला मिळाली. मालक बोट विकत नव्हते, ती टाकून देण्याचा खर्च वाचवत होते. आणि खरं म्हणजे त्यांना ती टाकायचीच नव्हती.

उपाय शोधणं चालू आहे. शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये जुन्या बोटींचा चुरा करून तो सिमेंटच्या भट्टीत वापरण्याचा प्रयोग झाला. फ्रान्सने २०१९ पासून जुन्या बोटी मोडीत काढायची यंत्रणा उभारली आहे आणि तिच्या खर्चात बोटी बनवणाऱ्यांचा वाटा आहे. हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. मागच्या दिवाळीत मालवणला गेलो होतो, किनाऱ्यावर ओळीने फायबरच्या होड्या. मच्छीमारांनी लाकूड सोडलं ते बरोबरच: फायबर हलकं, डागडुजी कमी, लाकूड महाग. पण या होड्याही पन्नास वर्षांनी कुजणार नाहीत. तेव्हा त्या कुठे ठेवायच्या, हे आजपासून कोणीतरी विचारायला हवं.

हा प्रश्न माझ्या अंगणात या फेब्रुवारीत आला. कंपनीत कपात झाली, त्यात मी. माझ्या व्हिसावर नोकरी गेली की हातात साठ दिवस असतात. त्यात नवी नोकरी शोधा नाहीतर देश सोडा. त्या साठ दिवसांत मी सामानाची यादी केली. खाट, टीव्ही, सायकल, सगळ्यांपुढे काहीतरी लिहिता आलं. बोटीपुढची जागा रिकामी राहिली. ती माझ्या जन्माच्या तीस वर्षं आधीची होती, बहुतेक माझ्यानंतरही असणार होती, आणि तिला सांभाळायला माझ्याकडे ना अंगण होतं ना मुदत. बाबा म्हणाले, "अरे, दोनशे डॉलरची वस्तू. दे सोडून." मी म्हणालो, "बाबा, सोडून कुठे देऊ? तीच तर अडचण आहे."

पंचेचाळिसाव्या दिवशी नोकरी मिळाली, पण ती टेक्ससमध्ये, समुद्रापासून पाच तासांवर. मी त्या शिक्षकांकडे गेलो, संकोचत. ते म्हणाले, "तू पाण्यात घातलीस ना? मग झालं." त्यांनीच एक नाव सुचवलं. तळ्यावर मुलांना शिडं शिकवणाऱ्या एक बाई आहेत, दर उन्हाळ्यात त्यांच्याकडे दहा-बारा पोरं असतात आणि बोटी कमी पडतात.

त्या एप्रिलमध्ये बघायला आल्या. ट्रेलरखाली वाकून तळावरून हात फिरवला, पातं वर-खाली करून पाहिलं. मग किंमत विचारली.

मी म्हणालो, "दोनशे. आणि एक अट आहे."